भट्टीच्या तळाशी उरलेले दगड

गेटवरून फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये सॅम्पल घासत होतो. सिक्युरिटीचा माने म्हणाला, "साहेब, एक माणूस आलाय. भट्टी बंद करा म्हणून राहिलाय."

"कोण आहे? पोल्युशनवाले?"

"न्हाई हो. टोपीवाला गावाकडचा माणूस हाय. रडून राहिलाय."

सकाळची हीट भट्टीत होती आणि ग्राहकाचा ट्रक दुपारी लागायचा होता. अशा वेळी भट्टी बंद करा म्हणणारा माणूस म्हणजे एक तर सरकारी, नाही तर दारू प्यालेला. मी घासलेलं सॅम्पल टेबलावर तसंच ठेवलं आणि चरफडत गेटकडे निघालो.

पुढचं कळायला आमचा धंदा थोडा सांगावा लागेल. लातूरच्या एमआयडीसीत आमचा ॲल्युमिनियम ॲलॉयचा कारखाना आहे आणि मी तिथे क्वालिटी मॅनेजर आहे. ॲलॉय म्हणजे मिश्रधातू. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. त्याची पातेली होतात, इंजिन होत नाही. इंजिनासाठी त्यात सिलिकॉन, तांबं असं मोजून घालावं लागतं. जुन्या इंजिनाच्या कव्हरात हे सगळं आधीच कुणीतरी घालून ठेवलेलं असतं. म्हणून आम्ही नांदेड, देगलूर, उदगीरपासून थेट तेलंगणापर्यंतचं भंगार घेतो, वितळवतो, कमीजास्त नीट करतो आणि त्याच्या विटा ओततो. त्यांना इंगट म्हणतात. पुण्याकडचे कारखाने त्या इंगटांपासून नव्या मोटारसायकलींचे भाग करतात. एका वेळी भट्टीत जेवढं वितळतं ती एक हीट. प्रत्येक हीटचं सॅम्पल माझ्याकडे येतं आणि मी पास म्हटल्याशिवाय माल ओतला जात नाही. मी अंदाजाने पास म्हणत नाही. त्यामुळे कारखान्यात माझं फारसं कुणाशी जमत नाही.

गेटवरच्या माणसाने दोन्ही हातांनी लोखंडी दार धरलं होतं. पन्नाशी उलटलेली, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे. मी नाव विचारलं. त्यांनी 'काशिनाथअप्पा' असं सांगितलं. रेणापूरला किराणा दुकान होतं त्यांचं.

"साहेब, पोलिसांच्या लिलावातल्या गाड्या तुमच्याकडंच आल्यात का?"

"आल्यात. नांदेडच्या व्यापाऱ्याकडून. का?"

"त्यात माझ्या लेकाची गाडी हाय. गाडी नको मला. तिच्या टूलबॅगेत एक डबी हाय चांदीची. तेवढी द्या. मग भट्टी पेटवा न्हाई तर काय बी करा."

मला वाटलं, चांदीसाठी आलाय. सव्वीस वर्षं भंगारात काढली की माणूस पहिल्यांदा असाच विचार करतो. मी म्हणालो, "किती तोळ्यांची होती?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग गळ्यातला दोरा त्यांनी सदऱ्याबाहेर काढला. त्याला छोटी चांदीची डबी होती. "ही अशी. आत त्याचं लिंग हाय."

लातुरात राहून मला लिंगायतांच्या गळ्यातलं इष्टलिंग माहीत नाही असं नाही. पण माहीत असणं वेगळं. त्या दिवशी गेटच्या सावलीत उभं राहून काशिनाथअप्पांनी मला ते नीट सांगितलं. लहानपणी गुरू लिंग देतात. ते ज्याचं त्याचं असतं. कुणाचं कुणाला चालत नाही. रोज आंघोळ झाली की तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात बांधायचं. मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. मेल्यावर त्यांच्यात अग्नी देत नाहीत. बसवून पुरतात आणि तेव्हा ते लिंग त्याच्या हातात देतात.

त्यांचा मुलगा ओंकार काही वर्षांपूर्वी लातूरला क्लासला होता. मेडिकलच्या परीक्षेला गाडीवरून गेला. परीक्षेच्या दारात तपासणी असते. अंगावर धातूचं काही चालत नाही. त्याने डबी काढून सीटखालच्या टूलबॅगेत ठेवली आणि आत गेला. पेपर चांगला गेला. घरी सांगायची घाई झाली असेल, डबी गळ्यात बांधायची राहिली. रेणापूरच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं.

"आम्हाला वाटलं, धडकेत तुटून पडली. मी आन् त्याची आई चार दिस त्या रस्त्याच्या कडंला गवत चाळून राहिलो," ते म्हणाले. "पुरताना स्वामींनी दुसरं लिंग दिलं होतं त्याच्या हातात. पर ते त्याचं नव्हतं."

"मग टूलबॅगेतलं आत्ता कसं कळलं?"

"त्याचा दोस्त परवा आला होता घरी. डॉक्टरकी करतोय आता. बोलता बोलता म्हणला, ओंकारनं माझ्यासमोरच टूलबॅगेत ठिवलं होतं. त्याला वाटलं, आम्हाला सापडलं असंल." मग ते म्हणाले, "गाडी पोलीस ठाण्यात इतके दिस होती, साहेब. केस संपल्यावर त्यांनी निरोप दिला होता, घेऊन जा म्हणून. मीच नको म्हणलो. तिचं तोंड बघायचं नव्हतं मला."

मी मानेला त्यांना खुर्ची द्यायला सांगितलं आणि यार्डात गेलो.

यार्डात गफ्फारभाई आमचा मुकादम. गाड्या त्याच्या देखरेखीखाली खोलल्या जातात. सांगाडा लोखंडाचा, तो एका बाजूला. लोखंड जालन्याच्या मिलला जातं. वायरीतलं तांबं वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. इंजिन आणि चाकं आमची. हँडलवरच्या लिव्हर, झाकणं, कार्बोरेटरच्या वाट्या असला बारीक माल एका ड्रममध्ये जमा होतो. त्याला आम्ही चिल्लर म्हणतो.

नंबर सांगितल्यावर गाडी सापडायला वेळ लागला नाही. तिचा नुसता वाकलेला सांगाडा उरला होता. सीट निघालेली, टूलबॅग उघडी आणि रिकामी. आत गंजलेल्या पान्याचा डाग तेवढा होता.

मी गफ्फारभाईला डबीचा आकार बोटांनी दाखवला. तो लगेच नाही म्हणाला नाही.

"साब, एक काला डब्बा था. माटी में लिथडा हुआ. पाने के साथ चिपकेला था. मैं समझा कार्बोरेटर की वाटी है." त्याने ड्रमकडे बघितलं. ड्रम रिकामा होता. "चिल्लर तो सुबा भट्टी में डाल दिये, साब. क्या था उसमें?"

मी सांगितलं. गफ्फारभाईने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तसाच उभा राहिला. त्याची काही चूक नव्हती. चांदी उघड्यावर पडली की काळी पडते, आणि ही पोलिसांच्या आवारात किती पावसाळे पडून होती. कुणालाही वाटीच वाटली असती.

तरी मला खात्री हवी होती. लॅबमध्ये परत आलो. टेबलावर सॅम्पल तसंच होतं. हे सॅम्पल म्हणजे भट्टीतून पळीभर रस काढून ओतलेला, मोठ्या नाण्याएवढा तुकडा. तो गुळगुळीत घासून स्पेक्ट्रो नावाच्या यंत्रावर ठेवतात. यंत्र त्यावर ठिणगी पाडतं आणि ठिणगीच्या उजेडावरून आत कोणता धातू किती आहे ते वाचतं. मी ठिणगी पाडली. स्क्रीनवर सिलिकॉन आलं, तांबं आलं, लोखंड, जस्त. सगळं बसत होतं. खाली अगदी शेवटी चांदीची ओळ असते. ती आम्ही कधी बघत नाही, कारण तिथे कायम शून्याच्या आसपास असतं. त्या दिवशी नव्हतं.

मी सॅम्पल फिरवून दुसऱ्या जागी ठिणगी पाडली. मग तिसऱ्या जागी. आकडा हलला नाही. टनभर रसात दोन-तीन तोळे चांदी गेली तर जेवढा यावा तेवढाच होता. चांदीला वितळायला आमच्या भट्टीपेक्षा जास्त आच लागते खरी, पण उकळत्या चहात साखर जाते तशी ती ॲल्युमिनियमच्या रसात विरघळून जाते. बाहेर काढायचा मार्ग नाही.

आमचे मालक मन्मथ शेठ. उदगीरचे. बापाचं भुसार दुकान सोडून या धंद्यात आले. हिशेबाला पक्के आणि तोंडाने फटकळ. मी केबिनमध्ये गेलो तर ते फोन ठेवून म्हणाले, "ते गेटवर कोण बसवून ठेवलंय? माने म्हणतो तुम्ही खुर्ची दिली. चहा बी पाजा आता. जालन्याला गेलं म्हणून सांगा आन् वाटंला लावा."

"लिंग होतं, शेठ. त्याच्या गेलेल्या मुलाचं."

शेठचा हात आपोआप शर्टावरून छातीवर गेला. तिथेच थांबला.

"कुठं हाय?"

"भट्टीत. चांदी सॅम्पलमध्ये आलीय."

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाई सांगायचं, देशपांडे. जालन्याला गेलं म्हणा. आशा तरी राहील बिचाऱ्याला."

"तो जालन्याला जाईल, शेठ. तिथल्या प्रत्येक मिलच्या गेटवर बसेल. यापेक्षा खरं सांगितलेलं बरं."

"तुम्हाला आकड्याशिवाय दुसरं काही सुचत न्हाई का हो?" ते चिडून म्हणाले. मग म्हणाले, "सांगा. तुम्हीच सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं ते."

मी काशिनाथअप्पांना सांगितलं. कसं सांगायचं याचा काहीच विचार केला नव्हता, म्हणून जसं घडलं तसं सांगितलं. काळी पडलेली डबी, चिल्लरचा ड्रम, सकाळची हीट. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "जळालं म्हणा की."

मी होकारार्थी मान हलवली.

"आमच्यात जाळत न्हाईत, साहेब. बारकं लेकरू गेलं तरी मातीत ठेवतो. त्याला न्हाई जाळलं आन् त्याचं लिंग जाळलं."

ते मोठ्याने रडले असते तर बरं झालं असतं. ते हे असं बोलले, जसं दुकानात कुणाला साखर संपली म्हणून सांगावं. मला ते सहन झालं नाही आणि सहन झालं नाही म्हणून मी तोंड उघडलं. "लिंग आतून कशाचं असतं?"

"दगडाचं. बारका दगड असतो. वरून काळा लेप."

"दगड वितळत नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. आमच्या भट्टीत लेप जळेल, चांदी विरघळेल, दगड तसाच राहील. दगड रसापेक्षा किंचित जड असतो. काही तळाशी बसतात, काही वरच्या सायीत अडकतात. दुधावर साय धरते तशी रसावर मळी धरते, तिला ड्रॉस म्हणतात. ती आम्ही झाऱ्याने ओढून बाहेर काढतो. शास्त्र म्हणून माझं वाक्य बिनचूक होतं. पण त्या माणसाने मान वर केली, त्याच्या डोळ्यांत मी काय करून ठेवलंय ते मला दिसलं, आणि त्याच क्षणी मला माझी जीभ आवरायला हवी होती असं वाटलं.

शेठ मागे येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "भट्टी रिकामी करा."

चालू भट्टी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. पुढची हीट लवकर वितळावी म्हणून तळाशी थोडा रस ठेवतात. तो काढला तर दिवस गेला. मी हे सांगायला लागलो तर शेठ म्हणाले, "ठावं हाय मला." मग त्यांनी माझ्यासमोर पुण्याच्या ग्राहकाला फोन लावला. "साहेब, गाडी आज न्हाई लागणार. न्हाई, ब्रेकडाऊन न्हाई. घरचं काम निघालंय."

हीट पास होती, म्हणून आधी रस इंगटच्या साच्यांत ओतला. तळाचा रस वेगळा काढला. मग गफ्फारभाईने स्वतः लांब झारा घेऊन भट्टीचा तळ खरवडला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गरम गाळ आणि सकाळचा ड्रॉस पत्र्यावर पसरला. निवायला दुपार गेली. काशिनाथअप्पा कडुलिंबाखाली बसून होते. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. मग गफ्फारभाई आणि त्याची माणसं ढेकळं हातोडीने फोडून चाळायला बसली.

भंगारात काय काय येतं ते बाहेरच्याला खरं वाटणार नाही. चाकांच्या फटीत खडी, इंजिनाच्या पंखांत मुरूम, काँक्रीटचे तुकडे. आम्ही कितीही झटकलं तरी भट्टीत दगड जातातच आणि प्रत्येक वेळी गाळाबरोबर फेकून दिले जातात. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी ते वेचत होतं. सिमेंट चिकटलेले बाजूला केले. मोठे बाजूला केले. शेठनी शर्टातून आपली डबी काढली, उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि आकार बघून आणखी काही बाद केले. शेवटी मूठभर उरले. भाजून करडे झालेले, बोराच्या बीएवढे, सगळे जवळपास एकसारखे.

गफ्फारभाईने ते स्टीलच्या ताटलीत ठेवून काशिनाथअप्पांसमोर धरले.

त्यांनी ताटलीवर वाकून प्रत्येक दगड बघितला. हात लावला नाही. मग शेठकडे बघून म्हणाले, "ह्यातलं कोणतं?"

शेठ म्हणाले, "आतला दगड कोण बघतं हो. आपण वरचं काळंच बघतो."

"त्याची आई वळखंल का?"

"तिनं तरी कुठं बघितलंय?"

"मग मूठभर दगड घेऊन तिच्यासमोर कसा जाऊ मी?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमच्याकडं यंत्र हाय न्हवं? चांदी बरोबर सांगितली त्यानं. ह्याचं बी सांगू द्या त्याला."

स्पेक्ट्रो फक्त धातू वाचतं. दगडावर ठिणगीच पडत नाही. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. शेठ माझ्याकडे बघत होते. मी ताटली घेतली आणि म्हणालो, "बघतो."

लॅबचं दार लावून घेतलं. दगड नळाखाली धुतले, पुसले आणि कोऱ्या कागदावर ओळीने मांडले. नंतर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की बघून काही कळत नाही, मोजावं लागतं. आता मोजायला काही नव्हतं आणि बाहेर एक बाप उभा होता. मी खुर्चीवर बसलो आणि मला रडू आलं. चांगलं ओक्साबोक्शी रडलो. मग तोंड धुतलं. त्या दगडांत एक होता, बाकीच्यांपेक्षा थोडा गोल, एका बाजूने चपटा, तळहातावर ठेवला तर डगमगत नव्हता. माझ्या मुलाच्या हातात द्यायचा असता तर मी तोच दिला असता. दुसरं काही कारण नव्हतं.

बाहेर येऊन मी तो पुढे केला. "हा."

"यंत्रानं सांगितलं?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

काशिनाथअप्पांनी दोन्ही हात पुढे केले. दगड घेतला, डोळ्यांना लावला आणि कपाळाला टेकवला. मग खिशातून रुमाल काढून त्यात बांधला. जाताना त्यांनी गफ्फारभाईच्या खांद्यावर हात ठेवला, शेठना लिंगायतांच्या रीतीने 'शरणार्थ' म्हणत नमस्कार केला आणि माझे पाय धरायला वाकले. मी मागे सरलो. ते फाटकातून बाहेर पडले आणि रेणापूरच्या बाजूला जाणारी एसटी पकडायला चालू लागले. एक हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट धरलेला होता.

ते दिसेनासे झाल्यावर शेठ म्हणाले, "दगडाचं सांगतं का हो तुमचं यंत्र?"

"नाही."

"हं," एवढंच म्हणून ते केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी ती हीट पुण्याला गेली. मी टेस्ट सर्टिफिकेटवर सही केली. ग्राहकाला लागणारे सगळे धातू त्यात असतात, चांदीची ओळ नसते. त्या इंगटांची आता कव्हरं झाली असतील आणि नव्या गाड्यांवर बसून कुठे कुठे फिरत असतील.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. आलेल्या प्रत्येक गाडीची टूलबॅग आधी रिकामी करायची आणि जे निघेल ते पाण्याने धुऊन बघायचं. नव्या मुलांना मी अजूनही शिकवतो की टेस्ट केल्याशिवाय कुठल्याही मालाला पास म्हणायचं नाही. ते माना डोलावतात.

उरलेले दगड गफ्फारभाईने त्या संध्याकाळी ताटलीतून लॅबमध्ये आणून दिले आणि विचारलं, "इनका क्या करना साब, फेंक दूँ?" मी नको म्हणालो. ते पांढऱ्या कपड्यात बांधून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेत. खरा दगड कोणता ते मला माहीत नाही. तो रेणापूरला ओंकारजवळ असेल, किंवा माझ्या खणात असेल.